परदेशात घर घेताना एजंट पारखावा कसा?

टॉवेलचा_हिशेबनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी ३१ वर्षे हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलगी आणि जावई सात वर्षांपासून दुबईत नोकरी करतात. भाड्यात जाणारा पैसा पाहून त्यांनी तिथे एका बेडरूमचे घर घ्यायचे ठरवले आहे. किंमत साधारण ८ लाख दिरहम धरली आहे. त्यातला मोठा वाटा त्यांचा आणि जुळे सोलापुरातला आमचा प्लॉट विकून आलेले ४० लाख रुपये आमचे, असा बेत आहे. घर कोणते घ्यावे हे मुलगी पाहील. ते कोणाच्या हातून घ्यावे, हा माझा प्रश्न आहे.

निमित्त असे झाले की गेल्या महिन्यात होटगी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या सभागृहात दुबईतल्या घरांचा मेळावा भरला होता. चहाबरोबर शेंगापोळी होती. बोलणारा तरुण मूळचा बार्शीकडचा, चार वर्षे दुबईत असलेला, आणि बोलणे असे की समोरच्याचा संकोच पाच मिनिटांत गळून पडावा. “काका, तिथल्या अनोळखी एजंटांच्या नादी लागू नका, मी आपलाच माणूस आहे,” हे वाक्य मी तासाभरात तीनदा ऐकले. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘रेरा नोंदणीकृत’ असे छापलेले आहे आणि खाली क्रमांकही आहे. त्याचे म्हणणे असे की आमच्याकडून तो एक पैसाही दलाली घेणार नाही, टोकन इथेच रुपयांत देता येईल, प्लॉटच्या नफ्यावरचा कर दुबईच्या घरात पैसे गुंतवल्यामुळे वाचेल, आणि रक्कम कमी पडली तर इथल्याच बँकेकडून कर्ज करून देता येईल. माझ्या साडूंनी तिथल्या तिथे ५१,००० रुपये भरले. मी उद्या सांगतो म्हणून निघालो आणि तेव्हापासून त्याचे दिवसातून दोन फोन येत आहेत.

आयुष्यभर कागद तपासण्याचे काम केले, पण या प्रकारातला कोणता कागद मागायचा हेच मला ठाऊक नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बाळे_ते_बर_दुबई

काका, नमस्कार. मी आपल्या सोलापुरातल्या बाळे भागातला, ११ वर्षे दुबईत काढून परत आलो, आणि त्या काळात एक घर घेतले आणि एक विकले.

माहितीपत्रकावरचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो का, ते आधी पाहा. तसे असेल तर तो आपल्या महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, एजंट क्रमांक आहे. आपला रेरा कायदा २०१६ चा आणि तो इथल्या प्रकल्पांपुरता. दुबईतली रेरा ही तिथल्या भूमी विभागाच्या अखत्यारीतली, २००७ साली स्थापन झालेली वेगळी संस्था आहे. दोघींचे लघुनाम योगायोगाने सारखे आहे आणि या योगायोगावर बऱ्याच जणांची दुकाने चालतात. इथला क्रमांक खरा असला तरी दुबईतल्या व्यवहाराला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

दुबईत प्रत्येक एजंटाला स्वतःचा दलाल नोंदणी क्रमांक असतो, ज्याला तिथे बीआरएन म्हणतात, आणि त्याच्या कार्यालयाला वेगळा क्रमांक असतो, तो ओआरएन. भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ या अ‍ॅपमध्ये परवानाधारक एजंटांची माहिती पाहता येते. क्रमांक घालून येणारे नाव, कार्यालय आणि परवान्याची मुदत ही समोरच्या माणसाशी जुळली पाहिजे. कार्ड एकाचे आणि बोलणारा दुसरा, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. शिवाय तिथे घराची जाहिरात करायची तर त्या जाहिरातीसाठी परवानगी क्रमांक घ्यावा लागतो आणि जाहिरातीवर क्यूआर कोड द्यावा लागतो. तो फोनने तपासला की जाहिरातीतले घर आणि परवानगीतले घर एकच आहे का, ते कळते.

त्या परवानगीमागे फॉर्म ‘ए’ असतो, म्हणजे विकणाऱ्याने एजंटाला दिलेले लेखी अधिकारपत्र. घेणाऱ्याचा आणि त्याच्या एजंटाचा करार फॉर्म ‘बी’वर होतो. विकणारा आणि घेणारा यांच्यात होतो तो फॉर्म ‘एफ’, आपल्याकडचे साठेखत म्हणा. मी पहिल्यांदा घर शोधत होतो तेव्हा एकच घर पाच एजंटांकडे पाच किमतींना होते. सगळ्यात स्वस्त सांगणाऱ्याकडे मी फॉर्म ‘ए’ मागितला तेव्हा “ते घर कालच गेले, पण दुसरे एक दाखवतो” असे उत्तर आले. दोन महिन्यांनी तेच ‘गेलेले’ घर त्याच इमारतीत रिकामे होते, कारण मी तोवर तिथे भाड्याने राहायला आलो होतो.

दलाली शून्य, याचा अर्थ तो फुकट काम करतो असा नाही. तयार घराच्या खरेदीत घेणाऱ्याने किमतीच्या २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट देण्याची रीत आहे. अजून उभ्या न राहिलेल्या इमारतीतले घर विकले तर एजंटाला दलाली बांधकाम कंपनी देते आणि ती या २ टक्क्यांपेक्षा सहसा पुष्कळ जास्त असते. तुम्हाला तयार घर हवे असताना तो फिरून फिरून नव्या प्रकल्पावर येत असेल, तर कारण हे आहे. नवा प्रकल्प वाईटच असतो असे मी म्हणत नाही. दुबईच्या २००७ च्या आठव्या क्रमांकाच्या कायद्याने अशा प्रकल्पांत खरेदीदाराचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरावे लागतात आणि विकासकाला ते बांधकामाच्या प्रगतीनुसार मिळतात. म्हणून पैसे कोणाच्या नावाने मागितले जातात, इकडे लक्ष ठेवा. एजंटाच्या नावाने, त्याच्या मेहुण्याच्या नावाने किंवा सोलापुरातल्या एखाद्या खात्यात मागितले गेले, तर तिथेच थांबा.

शंकेखोर

साडूंच्या पावतीवर नेमके काय लिहिले आहे, ते इथे द्या. बाकी चर्चा नंतर.

नवी_पेठेतील_सीए

धागाकर्त्यांनी सांगितलेल्या चार आश्वासनांपैकी तीन माझ्या कामाच्या कक्षेत येतात, आणि तिन्ही चुकीची आहेत. माझ्या दृष्टीने एजंट पारखण्याची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे: ज्या गोष्टी आपल्याला इथे बसून तपासता येतात त्यांबद्दल तो खरे बोलतो का, ते आधी पाहावे.

प्लॉट विकून घरात पैसे गुंतवल्यास भांडवली नफ्यावर जी सूट मिळते, ती २०१४ च्या वित्त कायद्यातील दुरुस्तीनंतर भारतातल्या घरालाच मिळते. दुबईच्या घरासाठी ती मिळणार नाही. नफ्याचा कर बाजूला काढून उरलेली रक्कमच पाठवायची, असे धरून चाला.

कर्जाचे म्हणाल, तर निवासी भारतीयाला परदेशात पैसे पाठवण्याची जी उदारीकृत योजना आहे, जिला बँकेत सगळे एलआरएस म्हणतात, तिच्याखाली अशा भांडवली खर्चासाठी पैसे पाठवायला इथल्या बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यक्तिगत कर्ज काढून देतो, कारण दुसरे दाखवू, असे कोणी सुचवले तर तो तुम्हाला खोट्या निवेदनावर सही करायला सांगत आहे.

टोकन रुपयांत इथेच, हा तर मुळावर घाव आहे. पैसे अधिकृत बँकेतून, पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-टू देऊन, घर खरेदी हाच हेतू लिहून, परदेशातल्या विक्रेत्याच्या किंवा एस्क्रोच्या खात्यात गेले पाहिजेत. मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरची आहे, त्यामुळे तुमच्या ४० लाखांना ती आड येत नाही. इथे रुपये द्यायचे आणि तिथे कोणीतरी दिरहम भरायचे, याला आपल्या बाजारात हवाला म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात सापडल्यास फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो तुम्हाला होतो.

आता जे एजंट सहसा सांगत नाहीत ते. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांवर जी रक्कम अशा कामासाठी जाते, तिच्यावर बँक २० टक्के कर गोळा करते. तुम्ही एकट्याने ४० लाख पाठवले तर ३० लाखांवर ६ लाख रुपये बँक आधी कापून घेईल. तुम्ही आणि वहिनी दोघांनी आपापल्या खात्यातून २०-२० लाख पाठवले तर प्रत्येकी २ लाख, म्हणजे एकूण ४ लाख. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो, पण तेवढी रक्कम काही महिने अडकते आणि ती बाजूला ठेवली नाही तर ऐन वेळी पैसे कमी पडतात. ज्याच्या खात्यातून पैसे जातील त्याचे नाव मालकीत असावे, हेही आधीच ठरवा.

शेवटचे, पण माझ्या मते सगळ्यात जड. घर झाल्यावर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागते, भाडे येत असेल तर त्याचे उत्पन्नही दाखवावे लागते. तो तक्ता आयटीआर-१ या साध्या विवरणपत्रात नसतो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. “दुबईत आयकर नाही, त्यामुळे काळजी नाही” असे सांगणारा एजंट अर्धेच सांगतो. मुलगी आणि जावई अनिवासी असल्याने त्यांच्या तिथल्या कमाईच्या वाट्याला हे सारे लागू नाही.

टॉवेलचा_हिशेबनीस

बाळे_ते_बर_दुबई आणि सीए साहेब, आपले मनापासून आभार. क्रमांक पाहिला. ‘ए’नेच सुरू होतो.

पावतीबद्दल विचारले होते. साडूंकडून मागवली. पावती दुबईच्या कोणत्याही कार्यालयाची नाही, सोलापुरातल्याच एका प्रवासी सेवेच्या लेटरहेडवर आहे. रकमेपुढे ‘सल्ला शुल्क’ असे लिहिले आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘परतावा नाही’. साडूंना चष्मा लागतो, तो त्या दिवशी घरी राहिला होता.

कन्ना_चौकातला

मला हा सगळा सूर थोडा अतिरेकी वाटतो. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा, ज्याचे घर कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे असा माणूस मिळणे ही काही वाईट गोष्ट नाही. उद्या काही झाले तर बार्शीला जाऊन त्याच्या वडिलांना भेटता येईल. दुबईतल्या नोंदणीकृत अनोळख्याला तुम्ही कुठे शोधणार? आपल्याकडे जागेचे व्यवहार ओळखीनेच होत आले आहेत. प्रत्येकाकडे कागद मागत बसलो तर माणसे दुखावतात.

टॉवेलचा_हिशेबनीस

कन्ना_चौकातला, तुमचा मुद्दा मला पटण्यासारखा आहे आणि म्हणूनच मी त्यावर दोन दिवस विचार केला. त्यातून आमच्याच कारखान्यातली एक गोष्ट आठवली, ती सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिच्यात सापडले.

आमचा माल युरोपात जायचा. एक गिऱ्हाईक बावीस वर्षांचे जुने. मालकांचे आणि त्याचे घरोब्याचे संबंध, तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दोनदा येऊन गेलेला. तरीही प्रत्येक खेपेला माल निघण्याआधी त्याने नेमलेला तपासनीस यायचा. त्याची फी गिऱ्हाईक द्यायचे, आम्ही नाही. आम्ही पुढच्या रांगेत चांगली खोकी लावून ठेवायचो. तो माणूस चहा प्यायचा, गप्पा मारायचा आणि मग मागच्या रांगेतले, खालून तिसरे खोके काढायला लावायचा. टॉवेल हाताला मऊ लागतो की नाही हे तो पाहायचाच नाही. एक तुकडा कापून वजनकाट्यावर ठेवायचा, कारण जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, हातावर समजत नाही. पैसेही आम्हाला विश्वासावर मिळत नसत. बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट असायचे, ठरलेले कागद पोचले की बँक पैसे द्यायची, एक शब्द चुकला तरी कागद परत. या सगळ्यात आमच्या मालकांना कधी अपमान वाटला नाही. बावीस वर्षे संबंध टिकले.

आता खोके उघडणारा मी आहे आणि माल दाखवणारा तो तरुण. मग त्याने दुखावून का जावे? आणि त्याच्या वडिलांना बार्शीला जाऊन भेटायचे म्हणाल, तर त्यांच्यापुढे बसून मी कोणता कागद काढणार? ‘सल्ला शुल्का’ची पावती?

माझा अडसर वेगळाच आहे. आमच्या गिऱ्हाइकाकडे तपासनीस होता. दुबईत माझा तपासनीस कोण?

विजापूर_रोडची_ताई

काका, याच प्रश्नावर मला लिहायचे आहे. अनुभव दुबईचा नाही, इंग्लंडचा आहे.

माझा मुलगा लेस्टरला असतो. तिथे त्याने फ्लॅट घ्यायला काढला तेव्हा आम्हाला पहिला धक्का हा बसला की एजंट तुमचा नसतोच. तिथला एस्टेट एजंट विकणाऱ्याने नेमलेला असतो, पैसे विकणारा देतो, आणि त्याचे कर्तव्य विकणाऱ्याला चांगली किंमत मिळवून देणे हे असते. तो घेणाऱ्याशी अतिशय सभ्यपणे वागतो, वेळ पाळतो, थंडीत गाडीने घर दाखवायला नेतो, आणि माझ्या भोळ्या मुलाने पहिल्याच दिवशी त्याला आपली कमाल तयारी किती आहे ते सांगून टाकले. पुढे बोलणी त्या आकड्याच्या खाली कधी आलीच नाहीत.

तिथे एजंट होण्यासाठी परवाना लागत नाही, हे ऐकून मी चकित झाले होते. १९७९ चा एस्टेट एजंट्स कायदा आहे आणि गैरवर्तन करणाऱ्यावर त्याखाली बंदी घालता येते. बंदी आलेल्यांची यादी सार्वजनिक असते. घरे विकणाऱ्या प्रत्येक एजंटाला मान्यताप्राप्त तक्रार निवारण योजनेचे सभासद असणे २००८ पासून सक्तीचे आहे. ‘द प्रॉपर्टी ऑम्बड्समन’ ही त्यातली एक. सभासदत्व योजनेच्या संकेतस्थळावर दिसते. मुलाने तेवढे तपासले होते आणि एजंट त्यात नीट बसत होता. आमचा त्रास पुढे सुरू झाला.

एजंटाने स्वतःच एक वकील सुचवला, “आम्ही नेहमी यांच्याबरोबर काम करतो, लवकर होते.” मुलगा हो म्हणणार होता. माझे भाऊ कोर्टात कारकून होते, त्यांनी फोनवर एवढेच विचारले की वकील कोणाच्या ओळखीचा? मग मुलाने दुसऱ्या गावातला, नियामक संस्थेच्या यादीत असलेला, एजंटाशी कसलाही संबंध नसलेला सॉलिसिटर नेमला. त्याने कागद काढल्यावर समजले की तो फ्लॅट लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे आणि लीजची फक्त ७१ वर्षे उरली आहेत. तिथे ८० च्या खाली लीज गेली की ती वाढवून घेणे महाग पडते आणि कर्ज देणारेही कुरकुर करतात. जाहिरातीत ‘लीजहोल्ड’ हा शब्द होता, वर्षे नव्हती. एजंट खोटे काही बोलला नव्हता, आम्ही विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही.

आपल्याकडे सातबारा किंवा इंडेक्स टू काढावा तसा तिथे एचएम लँड रजिस्ट्रीकडून मालकीचा उतारा ७ पौंडांत घरबसल्या मिळतो. सात पौंड! मुलाने घर पाहण्यासाठी पेट्रोलवर त्याच्या कितीतरी पट घालवले होते.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण त्याने माझी झोप उडवली होती. दुसऱ्या घराची दहा टक्के रक्कम भरायच्या आदल्या दिवशी सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला की आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे या नव्या खात्यात पाठवा. लेटरहेड तेच, सहीची पद्धत तीच, व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही बरोबर. मुलाने ईमेलमधल्या क्रमांकावर फोन न करता पहिल्या भेटीच्या कार्डावरच्या क्रमांकावर केला. खाते बदललेलेच नव्हते. कोणाचे ईमेल कोणी वाचत होते, ते शेवटपर्यंत कळले नाही.

तर काका, तुमचा तपासनीस म्हणजे तुम्ही स्वतः शोधलेला, फी तुम्ही देत असलेला वकील. एजंट कितीही चांगला असो, वकील त्याने सुचवलेला नको.

शंकेखोर

ताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन. मुखत्यारपत्र एजंटाच्या नावे करून देऊ नका, एवढी भर घालतो. “तुम्हाला यायला नको, मीच सह्या करतो” या सोयीची किंमत फार मोठी असते.

जुळे_सोलापूरचा_एजंट

मी स्वतः या धंद्यात सोळा वर्षे आहे, महारेराची परीक्षा दिलेला नोंदणीकृत एजंट आहे, त्यामुळे इथे लिहावे की नाही असा संकोच होता. पण धंद्याच्या आतली बाजू कोणी मांडलेली नाही.

मेळाव्यात जो माणूस भेटतो तो पुष्कळदा विकणाराही नसतो आणि विकणाऱ्याचा एजंटही नसतो. तो गिऱ्हाइकांची नावे जमवतो आणि ती परदेशातल्या परवानाधारक कार्यालयाला पुरवतो. व्यवहार झाला तर दलालीतला वाटा त्याला मिळतो. मलाही अशी विचारणा झाली आहे. एका नावामागे इतके आणि सौदा झाल्यास इतके, असा दरच सांगितला होता. मी नाही म्हणालो ते काही फार थोर कारणाने नाही, गिऱ्हाईक उद्या माझ्या दारात येऊन उभे राहील आणि मला दुबईतला नळही कुठे आहे ते माहीत नसेल, म्हणून. हे काम लपवून केले नाही तर गैर नाही. म्हणून सरळ विचारा: तुला पैसे कोण देते, किती देते, आणि हे लिहून देशील का? उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही पाहा.

दुसरे, त्याला त्या घरातले दोष विचारा. मी विजापूर रस्त्यापलीकडचा फ्लॅट दाखवतो तेव्हा आधीच सांगतो की नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, टाकी केवढी आहे ती बघून घ्या, पश्चिमेची खोली एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. हे गिऱ्हाइकाला तसेही कळणार असते, मग ते माझ्या तोंडून कळलेले बरे. दुबईत पाण्याची ओरड नसेल, पण इमारतीचा सेवा आकार दर चौरस फुटाला दरवर्षी किती, एसीचे थंड पाणी बाहेरच्या कंपनीकडून येत असेल तर त्याचे बिल वेगळे आहे का, गाडीची जागा मालकीची आहे का, समोरचा मोकळा भूखंड कोणाचा, हे प्रश्न तिथले. एजंट मोबाइलवर घर दाखवत असेल तर खिडकी उघडायला सांगा, नळ सोडायला सांगा, जिन्यात यायला सांगा. ज्याने घर खरेच पाहिले आहे त्याला हे जड जात नाही.

साडूंच्या पावतीबद्दल. इसार आणि सल्ला शुल्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इसार एका ठरावीक मिळकतीपोटी असतो आणि त्यात मिळकतीचे वर्णन येते. त्या पावतीवर कोणत्याही घराचा उल्लेख आहे का? नसेल, तर त्यांनी घरासाठी काहीच भरलेले नाही. लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि कोणता सल्ला कोणत्या तारखेला दिला ते लिहून मागा. अशा पत्रापुढे बऱ्याच जणांची भाषा बदलते.

होटगी_रस्ता

देश बदलला की नियम बदलतो, म्हणून थोडी भर. माझ्या मामेभावाने पोर्तुगालचे पाहिले होते. तिथे एजन्सीला सरकारी परवाना सक्तीचा असतो आणि ‘एएमआय’ने सुरू होणारा त्याचा क्रमांक जाहिरातीवर असावा लागतो. शेजारच्या स्पेनमध्ये देशभर लागू असा परवानाच नाही, तिथे ‘नोता सिम्प्ले’ नावाचा नोंदणी कार्यालयाचा उतारा काढून बोजा पाहावा लागतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन मालकीने घेता येत नाही आणि कोणत्याही कॉन्डो, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत परदेशी मालकी एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपुढे जात नाही, तरी “कंपनीच्या नावाने करून देतो” म्हणणारे भेटतात.

एजंट ताज्या माहितीवर आहे का, हे व्हिसाच्या बोलण्यात कळते. पोर्तुगालने घर खरेदीवरचा गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा राहण्याचा परवाना, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. मामेभावाला त्यानंतरही छापील रंगीत पत्रके मिळत होती. दुबईच्या दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता किमान २० लाख दिरहमची लागते. काकांच्या ८ लाखांच्या घरावर तो देतो असे कोणी म्हणाले, तर उरलेले बोलणे ऐकायचे कारण नाही.

टॉवेलचा_हिशेबनीस

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व.

बार्शीच्या तरुणाकडे मी दुबईचा बीआरएन मागितला. त्याने तीन दिवस “पाठवतो” म्हटले, मग एक क्रमांक पाठवला. मुलीने अ‍ॅपमध्ये घातला तर नाव एका बाईचे निघाले. विचारल्यावर “त्या आमच्या मॅडम आहेत” असे उत्तर आले आणि पाठोपाठ एक लांबलचक आवाजी संदेश, ज्याचा सारांश काकांचा आपल्या माणसावर विश्वास राहिला नाही असा होता. मी त्याला लिहून कळवले की माझा विश्वास आहे, फक्त क्रमांक हवा आहे. त्यानंतर फोन थांबले.

मुलीने तिथल्या तीन एजंटांशी बोलून पाहिले. तिघांनाही तिने एकच प्रश्न केला, या घरात तुम्हाला काय आवडत नाही? (जुळे_सोलापूरचा_एजंट, हा तुमचा प्रश्न दुबईतही चालला.) एकाने हसण्यावारी नेले. एकाने “सगळेच उत्तम आहे” म्हटले. तिसऱ्या, फिलिपिन्सच्या बाईंनी सांगितले की बाल्कनीतून आता जे मोकळे दिसते आहे तिथे बुरूजासारखी इमारत येणार आहे, आणि सेवा आकार दर चौरस फुटाला १६ दिरहम आहे, जो या भागात जरा जास्तच आहे. ७४० फुटांना वर्षाचे ११,८४० दिरहम होतात. त्यांचा क्रमांक, फोटो आणि कार्यालय अ‍ॅपमध्ये जुळले. जाहिरातीचा कोडही जुळला. फॉर्म ‘बी’ त्यांनी न मागता आणला.

बाल्कनीच्या त्या इमारतीचाच आधार घेऊन मुलीने किंमत ७ लाख ९० हजारांवर आणली. दलाली १५,८०० आणि व्हॅट ७९०, भूमी विभागाचे ४ टक्के म्हणजे ३१,६००. मी हे सगळे जुन्या सवयीने रकाने आखून मांडले. ताईंच्या सांगण्याप्रमाणे मुलीने कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतून स्वतंत्र वकील नेमला आहे. त्याने फॉर्म ‘एफ’मध्ये एक वाक्य बदलून घेतले: विकासकाचे ना-हरकत पत्र ठरल्या मुदतीत आले नाही तर ७९,००० दिरहमचा अनामत धनादेश आम्हाला परत मिळेल. मूळ मसुद्यात “दोन्ही पक्षांच्या संमतीने निर्णय” असे होते. बाईंनी कुरकुर केली नाही, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरले आहे.

घर चौघांच्या नावावर होईल. सीए साहेब, आम्ही दोघे आपापल्या खात्यातून पैसे पाठवत आहोत. बँकेतल्या मॅडमनी प्लॉटच्या खरेदीखताची प्रत आणि कर भरल्याचे चलन मागितले आहे, ते सोमवारी देतो.

साडूंनी पत्र दिले आणि पोच घेतली. पावतीवर कोणत्याही घराचा उल्लेख नव्हता. आधी “पैसे दुबईला गेले” असे सांगण्यात आले, मग “बघतो”, मग प्रवासी सेवेच्या मालकांनी त्यांना स्वतःच बोलावून २५,००० परत केले. उरलेल्या २६,००० साठी त्यांनी गड्ड्याची यात्रा झाल्यावरची तारीख लिहून दिली आहे. या वेळी साडू चष्मा घेऊन गेले होते.